चार बोटं

जावईबापू,

ही हाक मी नऊ वर्षांत पहिल्यांदाच मारतोय, तीही कागदावर.

लेकीनं चर्चबाहेर लग्न केलं, तेव्हा "आधी देवाची आज्ञा, मग लेक" म्हणत मी दार लावून घेतलं.

परवा ती गेल्याचा तुमचा निरोप आला. शवपेट्या बनवणारा माणूस मी. दोनदा मोजल्याशिवाय करवत चालवत नाही. पण तुम्हाला माप विचारायला जीभ रेटेना. स्वयंपाकघराच्या चौकटीवर तिच्या उंचीची पेन्सिलची रेघ होती, चौदाव्या वर्षीची. तेवढीच पेटी केली. त्यानंतर ती माझ्याच घरात वाढली, हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

चार बोटं कमी पडली. तुम्ही हलक्या हातानं तिचे गुडघे दुमडलेत.

देवाला आपल्या डोक्यावरचे केससुद्धा मोजून ठाऊक आहेत, असं मी दर रविवारी पोरांना शिकवतो. मला पोटच्या पोरीची उंची ठाऊक नव्हती.

आता प्रार्थनेला गुडघे टेकायला गेलो की तुमचे ते हात दिसतात. मग मी तसाच उभा राहतो.

हे पत्र टाकायची माझी छाती नाही. हत्यारांच्या खोक्यात ठेवतोय.

तिचा बाप