लग्नापुरती पुडी

माय, तू कशाने गेलीस ते मला धुळ्यात एका परक्या बाईने सांगितलं. ती सांध्यांची डॉक्टर आहे. सकाळी माझी बोटं वळत नाहीत, कणकेचा गोळा हातात धरवत नाही, कोपरांवर पांढरे पापुद्रे आलेत, म्हणून गेले होते. तिने माझे हात उलटसुलट करून पाहिले, नखं पाहिली, आणि विचारलं, घरात आधी कुणाला होतं का? मी लगेच नाही म्हणाले. खोटं बोलले नाही. मला जे माहीत होतं तेच सांगितलं. तुझ्या कोपरांबद्दल विचारलं की तू म्हणायचीस, "खापरनी उष्णता शे, बाई," आणि बाही खाली ओढायचीस. मांड्यांच्या खापराची धग, एवढंच तर सांगून गेलीस.

डॉक्टर म्हणाली, हा सोरायसिस, कातडीचा आणि सांध्यांचाही, एकच रोग. एकाचा दुसऱ्याला लागत नाही, पण रक्ताच्या नात्यात उतरतो. मग तिने औषधं समजावली. एक गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, चुकूनही रोज नाही. ती कातडीवर आणि सांध्यांवर दोन्हीकडे चालते, पण गुण यायला दोन-तीन महिने जातात, आणि मधूनमधून रक्त तपासून यकृतावर लक्ष ठेवावं लागतं. दुसरी गोळी रोज दोनदा. तिच्यात तपासण्यांची कटकट कमी, पण पोट बिघडतं, कधी मनही उतरतं, आणि इतक्या सुजलेल्या बोटांना ती पुरेलच असं नाही. तिसरं इंजेक्शन, सगळ्यात जोरकस. पण त्याआधी क्षयाची तपासणी, नंतर जंतुसंसर्गाची धास्ती, आणि किंमत आपल्यासारख्यांनी दुरूनच नमस्कार करावा अशी. आठवड्याच्या गोळीने सुरुवात करू, भागलं नाही तर पुढचं बघू, असं तिचं म्हणणं. मी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं काय, तर लेकीचं लग्न तोंडावर आलंय, तेवढ्यापुरते हात साफ करणारं काही नाही का?

तिने पेन खाली ठेवलं. "स्टिरॉइडच्या गोळ्यांनी कातडी पंधरवड्यात साफ होते," ती म्हणाली. "पण गोळ्या सुटल्या की रोग अंगभर उलटतो. कधी कधी माणूस हाती लागत नाही." आणि माय, त्या खुर्चीत बसल्या बसल्या मला आपली अक्षय्य तृतीयेची आखाजी दिसली.

आपल्या गावात मांडे करावेत तर तूच. पुरण भरलेला गोळा तू दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवायचीस आणि उपड्या खापरावर असा टाकायचीस की एक सुरकुती पडायची नाही. पाचोऱ्यापर्यंतची लग्नघरं तुला बोलवायची. मग कुणीतरी तुझं कोपर पाहिलं. तोंडावर कुणी काही बोललं नाही. आधी तुला पुरण वाटायला बसवलं, मग चुलीला लाकडं लावायला, आणि मग बोलावणंच येईना. गरज सरो, वैद्य मरो. त्या बायकांचा मला आजही संताप येतो. त्यांनी तुझ्या हातचं वर्षानुवर्षं खाल्लं होतं, त्यातली एक तरी खाजवत बसली होती का?

पण त्यांच्याहून जास्त राग मला तुझा येतो. जळगावच्या दवाखान्यातून तुलाही गोळी मिळाली होती, आठवड्यातून एकदा घ्यायची. तीच असणार. हळदीच्या डब्यामागे तू ती लपवायचीस. तीन-चार आठवडे घेतलीस, हात तसेच राहिले, आणि आखाजी जवळ आली. तेव्हा बाजारात चादर अंथरून बसणाऱ्या एका औषधवाल्याकडून तू पुडी आणलीस. जडीबुटी म्हणून विकायचा तो. तुझे हात पोरीसारखे झाले. त्या आखाजीला तू पुन्हा मांडे केलेस, आणि मी पोळपाटाशी बसून तुझ्याकडे बघत राहिले. इतकी खूश मी तुला कधी पाहिली नव्हती. पावसाळ्यात तो माणूस बाजारात यायचा बंद झाला, पुडी सुटली. अंग लालभडक झालं, सालपटं निघायला लागली, ताप उतरेना. वडिलांनी लोकांना कावीळ सांगितली. तूही मान हलवलीस. तेराव्याला त्याच बायकांनी आपल्या ओसरीत मांडे केले आणि जेवून गेल्या.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तू म्हणायचीस. माझी तर मूठच मिटत नाही आता. तू एकदा जरी म्हणाली असतीस की बाई, मला असं असं आहे, माझ्यानंतर तुला होईल, तर मी कोपरावर पहिला डाग दिसला तेव्हाच गेले असते. इतकी वर्षं मलमं चोळत, उष्णतेवर सब्जा पीत बसले नसते. बोटांची दोन पेरं वाकडी झाली आहेत. ती आता सरळ होणार नाहीत म्हणते डॉक्टर.

आठवड्याच्या गोळीसाठी तिने वार ठरवायला सांगितला. मी आपल्या बाजाराचा वार सांगितला. आज तोच वार. गोळी घेतली. लेकीला समोर बसवून सगळं सांगितलं, आजी कशाने गेली, मला काय आहे, तिने कशावर लक्ष ठेवायचं. व्याह्यांना काय वाटेल ते वाटो. तिने माझं कोपर हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाली, एवढंच ना?

गेल्या आठवड्यात मावशी आली होती, तुझी धाकटी बहीण. ओट्यावर एक पुडी ठेवून म्हणाली, "लगीनपुरती ली ले. तुनी माय बी लेत व्हती, हात बठ्ठा साफ व्हई गयथात." पुढचं काही बोलली नाही. मी तिला चहासुद्धा विचारला नाही.

हे पत्र मी कुणाला टाकणार, घडी करून ठेवून देईन. पण तुला म्हणून सांगते. लेकीने पुडीचं विचारलं तेव्हा मी म्हणाले, मोरीत ओतली. ती अजून माझ्या पर्समध्ये आहे, माय.