स्विचचं सगळं बोलणं मी ऐकतो आहे

सोमवार, ११ मार्च २०१९
लातुरातल्या आमच्या क्लासच्या लॅबमध्ये ऐंशी कॉम्प्युटर. शनिवारपासून ऑनलाइन टेस्ट मधेच अडकते. मालक शेषेराव सर सगळ्यांसमोर म्हणाले, "यासेरभाई, रविवारची टेस्ट अडकली तर दारावरच्या पाटीवर 'नेटवर्क इनचार्ज' म्हणून मनिषाचं नाव लागंल बरं का." मनिषा माझी असिस्टंट, सहा महिन्यांपूर्वी लागलेली. मी हसलो. सरांना विनोद जमतो.

मंगळवार
सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी ज्या डब्यात जोडतात त्या स्विचला डीबग कमांड दिली. यात स्विच आत काय चाललंय ते ओळीओळीने सांगतो. मनिषा म्हणाली, "सर, एकच गोष्ट बघा अन् लगेच बंद करा. समदं चालू केलं तर त्याला सांगण्यातच दम लागतो." मी 'डीबग ऑल' दिली. 'कामावर परिणाम होईल, खात्री आहे?' असं स्विचनेही विचारलं. नवशिक्यांसाठी असतं ते. यस.

बुधवार
आता टेस्ट उघडतच नाही. म्हणजे आजार मोठा होता, मी वेळेत पकडला. स्विचने सांगितलेल्या ओळींचा लॉग ४१२ पानं. वाचली नऊ. उद्यापासून रोज शंभर.

गुरुवार, दुपारी ४
पान अकरा. सरजाबाई फरशी पुसता पुसता सांगत होत्या, "शनवारी एका वायरचं टोक खाली लोंबत व्हतं. पानी लागू नये म्हून त्याच डब्यात दुसऱ्या भोकात खोसलं. बराबर केलं न्हवं?" तांत्रिक कामात लक्ष घालू नका, असं प्रेमाने सांगितलं. बिचाऱ्या.

शुक्रवार
स्विच मला पण उत्तर देईना. रुसला असावा.

शनिवार
सरांनी माझ्या जागी मनिषाला बसवलं. तिने स्विच बंद करून चालू केला, डीबग थांबली. मग सरजाबाईंना विचारून ती वायर उपटली. दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये होती. तोच डेटा आतल्या आत गरगर फिरत राहिला होता म्हणे. ऐंशीच्या ऐंशी सुरू. सात मिनिटं लागली. मी मागे उभा राहून मार्गदर्शन केलं. सरजाबाईंनीच मला चहा दिला.

रविवार
टेस्ट एकदाही अडकली नाही. तरी नवी पाटी आली, मनिषाच्या नावाची. स्टुलावर चढून मीच लावली, उंची माझीच पुरते. मनिषा खालून स्टूल धरून होती. म्हणाली, "यासेर सर, सावकाश."
अजून सर म्हणते.