आधी आम्ल

११ ऑक्टोबर
तलावाचं पाणी आज कोऱ्या चहासारखं! डोंगरावरचा सगळा पालापाचोळा वाहून आलाय, कुजतोय. पाणी गाळायच्या मेम्ब्रेनवर त्याचा बुळबुळीत थर चढलाय. पंपाने कितीही जोर लावू दे, पलीकडे पाणी निम्मंच. गावभर बोंब. साहेबांचे फोनवर फोन — "बाई, सकाळी नळ सुरू झालेच पाहिजेत!"

१२ ऑक्टोबर
धुतले मेम्ब्रेन. आणि पार वाट लावली.

उन्हाळ्यात क्षार चढतात, तेव्हा आम्लाने धुतलं की लख्ख. तेच डोक्यात बसलेलं. पाल्याच्या घाणीला आधी कॉस्टिक सोडा, आम्ल मागून — नव्या लोकांना हे मी फळ्यावर काढून शिकवते! आणि घाईत भाऊजींना म्हणाले, "आम्लाचे कॅन ओता." धाकटा दीर माझा, माझ्याच शब्दावर इथे चिकटलेला. वहिनी सांगतेय म्हणजे बरोबरच असणार. ओतले. थर सुटायचा सोडून आणखी घट्ट बसला. आता पाणी नुसतं ठिबकतंय.

१३ ऑक्टोबर
साहेब आले. रिकामे कॅन पाहिले. "हे कुणी ओतलं?"

"मी," भाऊजी म्हणाले. एवढंच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कुणी सांगितलं, हे साहेबांनी विचारलं नाही. मी तरी कुठे तोंड उघडलं! प्रेशरचा काटा बघत उभी राहिले, जसं काही फार मोठं काम करतेय.

साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "या महिन्यात कायम करणार होतो यांना. आता काढावं लागेल."

१४ ऑक्टोबर
जेवताना सासूबाई भाऊजींवर घसरल्या. "एक काम धड करशील तर शपथ! जरा वहिनीकडून शीक."

"शिकतोय की," म्हणून ते हसले. लाज वाटते. लिहितानाही वाटते.

१५ ऑक्टोबर
दिवसभर कोमट पाण्यात कॉस्टिक. तपकिरी फेस सुटतोय. थोडे मेम्ब्रेन वाचतील, बाकीचे गेलेच.

घरी येताना भाऊजींना म्हटलं, "मी सांगते साहेबांना."

"राहू दे गं वहिनी! माझं काय, सडाफटिंग माणूस. कुठेही चिकटेन."

"नाही, सांगणारच!" म्हणाले. जरा जास्तच जोरात म्हणाले.

१६ ऑक्टोबर
ताप आलाय म्हणून कळवलं. ताप नाही.

१७ ऑक्टोबर
गेले आज कामावर. वाक्य घोकत गेले. मी काही बोलायच्या आत साहेबच म्हणाले, "दिराचं मनाला लावून घेऊ नका, बाई. सकाळीच राजीनामा ठेवून गेले. म्हणाले, वहिनी नको नको म्हणत होती, मीच ऐकलं नाही. खरं ना?"

आणि मला — कसं लिहू! — हायसं वाटलं.

"हो," म्हणाले मी.