टाळ ऐकू येणारे स्पीकर

११ जानेवारी
रेकॉर्डिंगमधला टाळ नेमका कुठे हरवतो? मला माहीत नाही, आणि मी फिजिक्सची बी.एस्सी. आहे. आमच्या घरातली पहिली पदवीधर. अख्ख्या कापडे गावाला हे ठाऊक आहे, त्यामुळे उत्तर न येणं मला परवडत नाही.

प्रकरण असं. बाबा, कोंडाजी, गावच्या भजनी मंडळाचे मृदंगवाले. हल्ली त्यांचा हात टाळाच्या मागे पडतो. मंडळाचे प्रमुख भागोजीबुवा आज ओट्यावर येऊन बसले, चहा संपवला, मग म्हणाले, फेब्रुवारीत सप्ताह हाय, काल्याच्या कीर्तनाला बाहेरचे महाराज येनार. कोंडाजीचा हात असाच राहिला तर पोलादपूरच्या विनीतला बसवावा लागंल. बाबा हो हो म्हणाले. बुवा गेल्यावर मला विचारलं, काय म्हनत होता गो बुवा? मी म्हटलं, सराव वाढवा म्हणाले.

कारण उघड आहे. बाबा मोबाइलवर भजन लावून सराव करतात. मोबाइलचा स्पीकर वाटाण्याएवढा. त्यात टाळ मावणार कसा?

निश्चय: घरात श्रवणकक्ष. छोटे पण अस्सल हाय-फाय स्पीकर. काल्याला बाबाच बसतील.

१३ जानेवारी
जागा ठरली. आमची भाताची गिरण बंद केल्यापासून तिच्यामागची कोंड्याची खोली रिकामी आहे. झाडून घेतली. बाबांनी उमेदीची सगळी वर्षं त्या इंजिनाच्या धडधडीत काढली. अजूनही आपण बोलायला लागलो की ते आपल्या ओठांकडे बघतात. कलावंताची एकाग्रता असते ती.

भिंतींवरून आवाज उलटू नये म्हणून आईच्या गोधड्या खिळ्यांनी ठोकल्या. आई म्हणाली, थंडीचं भिंतीला पांघरून घाल नि आमी गारठतो. विज्ञानाला घरातूनच विरोध होतो.

१६ जानेवारी, महाड
साकिबभाईंचं दुकान. दोन माणसं उंचीचे डीजेचे बॉक्स दाखवू लागले. मी म्हटलं, छोट्या खोलीसाठी, फळीवर मावणारे, बुकशेल्फ हवेत. किती लोक ऐकणार, विचारलं. एक. साकिबभाई माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, ताई, एका माणसासाठी मग हेडफोन काय वाईट? मी त्यांना स्टिरिओ प्रतिमा म्हणजे काय ते समजावलं. त्यांनी मध्येच दोन गिऱ्हाइकं केली.

शेवटी एक जोडी दिली. घरी लावून बघा, नाही पटली तर बदलून देतो.

१७ जानेवारी
स्पीकर कानाच्या उंचीवर, भिंतीपासून हातभर पुढे, बाबा बरोबर त्रिकोणाच्या टोकावर. अभंग लावला. बाबा डोळे मिटून, बोटांनी मृदंगाची धूम, म्हणजे खर्जाची डावी बाजू, मांडीवर वाजवत ऐकत होते. म्हणाले, धूम लय ग्वाड हाय. टाळ नाय.

आई चुलीपाशी होती. तिथून ओरडली, टाळ माझ्या टाळक्यात वाजतायत, बारीक कर ते.

स्वयंपाकघरात ध्वनी वेगळ्या मार्गाने पोचतो. ट्वीटर, म्हणजे बारीक स्वर काढणारा भाग, मात्र निकृष्ट आहे, यात शंका नाही.

२१ जानेवारी
दुसरी जोडी. हिचा ट्वीटर इतका तिखट की माझे दात शिवशिवले. बाबा म्हणाले, आता टाळ कुठंतरी लांब वाजल्यावानी वाटतं. प्रगती आहे.

रात्री बाबांचा फोन त्यांच्याच खिशात वाजत राहिला. रिंगटोन बदलायला हवी. फार नाजूक आहे.

२५ जानेवारी
देवळात तालीम. मी मागे बसले होते. अभंग संपला, टाळ थांबले, पेटी थांबली. बाबा वाजवत राहिले. कोणी हसलं नाही. सगळे खाली बघत होते. बुवांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा ते थांबले.

देवळाला नवीन फरशी घातली आहे. आवाज घुमतो. कोणाचाही ताल चुकेल.

घरी येऊन स्पीकर एक वीत डावीकडे सरकवले.

२९ जानेवारी
तिसरी जोडी आणली. साकिबभाई म्हणाले, आता यापुढे दुकानात माल नाही.

मी दुपारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामावर होते. परत आले तर दोन्ही वूफरवर, म्हणजे खर्जाच्या पडद्यांवर, कणकेचे गोळे थापलेले. मृदंगाच्या धुमेला लावतात तसे, मधोमध, ओल्या बोटाने कडा सारखी केलेली. बाबा अभिमानाने म्हणाले, धूम ढिली होती, बसवली. मी विचारलं, बाबा, स्पीकरला कणीक? ते म्हणाले, हो, गव्हाचीच हाय.

पडद्याचं वजन वाढवून खर्ज सुधारण्याची पद्धत शास्त्रात आहेच. फक्त कागद ओला होऊन आत बसला आहे.

३१ जानेवारी, महाड
साकिबभाईंनी स्पीकर उन्हात धरून बघितला, वास घेतला. म्हणाले, ताई, कंपनीला काय कळवू, पोळ्या लाटत होतो? तिसरी जोडी आता आमचीच.

निश्चय: दोष शोधून काढायचा. पद्धतशीर.

२ फेब्रुवारी
सप्ताह तोंडावर. स्वर चढत जाणारी चाचणी लावली. ऐकू येईल तोवर हात वर ठेवायचा. आई आणि मी दोघींनीही बराच वेळ वर ठेवले. बाबांचा हात लवकर खाली आला. दुसऱ्यांदाही तिथेच.

खोलीत दोष आहे.

३ फेब्रुवारी
हीच चाचणी अंगणात. हेडफोन लावून. ना भिंती, ना गोधड्या, ना स्पीकर.

बाबांचा हात तिथेच खाली आला. मी आवाज वाढवला. हात मांडीवरच राहिला. ते माझ्याकडे बघत होते, अजून सुरू झालं नाय का, असं.

हेडफोन खराब असू शकतो.

आई कोरड्या आवाजात म्हणाली, तेजे, पुरे आता.

४ फेब्रुवारी
सकाळी बाबांच्या शेजारी बसले. कानाशी तोंड नेऊन सांगितलं, बाबा, टाळ तिन्ही जोड्यांमध्ये होता. तुमच्या कानात येत नाही.

त्यांनी मृदंगाची चामड्याची वादी ओढून घट्ट केली. मग म्हणाले, कळत होतं गो. पन तू स्पीकरच्या पेट्या बदलत होतीस तवर मलापन वाटायचं, खोट पेटीतच हाय.

तीन वर्षं ध्वनी शिकले आणि प्रत्येक पेटीत दोष शोधला.

बुवांकडे आम्ही दोघं गेलो. विनीतला बसवा, हे मीच सांगितलं, बाबांनी फक्त मान हलवली. बुवा म्हणाले, कोंडाजी, काल्याला तू माझ्या शेजारी बस, गायला. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं. ते म्हणाले, एवढं वरडतेस कशाला, गाव जमंल.

तिथून तशीच एसटी पकडून त्यांना महाडला नेलं, कान तपासून आणले. कानात घालायच्या श्रवणयंत्राचं माप दिलं आहे.

बुवांना सांगणं आणि कान तपासणं, दोन्ही कामं झाली. आज खाली निश्चय लिहायला काही उरलं नाही.