बस म्हणजे बस

२ नोव्हेंबर, रविवार
अळणावर गावचा सटवाजी आज कुत्र्याचं पिल्लू देऊन गेला. रंग तांबूस, एक कान उभा, एक पडलेला. मी नाव ठेवलं शौर्य. बायको, हेमावती, बघताक्षणी पुट्टा म्हणाली. कन्नडमध्ये पुट्टा म्हणजे चिमुकला. असल्या नावानं कॅरेक्टर घडत नाही.

आमचा म्हातारा कुत्रा करिया उन्हाळ्यापासून कोपरा सोडत नाही, ताटलीकडे बघत नाही. त्याला सोबत हवी, असं मी हेमावतीला सांगितलं. खरं कारण वेगळं आहे. या घरात माझं मराठी ऐकणारं कोणी उरलं नाही. करिया हेमावतीच्या हाताखाली वाढला, त्याला फक्त कन्नड कळतं. मुलगा अनिश बेंगळुरूत इंग्रजी बोलतो. नात वेदश्री फोनवर विचारते, अज्जा, ऊटा आय्ता? म्हणजे जेवलात का. जन्मभर धारवाडच्या कॉलेजात मराठी शिकवल्याचं हे फळ. शौर्य मराठीच शिकेल. पहिला शब्द: बस.

हेमावतीची अट: दोन आठवड्यांत सांगितलेलं ऐकायला लागला तर ठीक, नाहीतर सटवाजी पुढच्या खेपेला येईल तेव्हा परत. दोन आठवडे म्हणजे भरपूर झाले.

३ नोव्हेंबर
पहाटे ट्रेनिंग ठरलं होतं. उठलो तेव्हा ऊन आलं होतं. शौर्यनं डावी चप्पल खाल्ली. उजवी शाबूत. म्हणजे निम्मी शिस्त मुळातच आहे.

५ नोव्हेंबर
रिवॉर्ड न देता शिकवायचं, असं ठरवलंय. लाच घेऊन शिकणारे विद्यार्थी पुढे काय दिवे लावतात ते मी पाहिलंय.

दुपारी हेमावतीनं तिसरी भाकरी वाढली. मी बस, बस म्हणालो. पण आपल्याकडे बस म्हटल्यावर वाढणारा थांबतो का कधी? लग्न झाल्यापासून ती थांबलेली नाही. मलाही तिसरी लागतेच म्हणा. टेबलाखाली शौर्य होता, अर्धी त्याला दिली. हे रिवॉर्ड नव्हे. भूतदया.

७ नोव्हेंबर
रिझल्ट! अंगणात बस म्हणताच शौर्यनं लगेच प्रतिसाद दिला. उडी मारली. कृती चुकली, पण शब्द ओळखला. फर्स्ट इयरची मुलं एवढंही करत नसत.

करिया पायरीवर येऊन हे सगळं बघत होता. बाहेर कसा काय आला कोण जाणे.

१० नोव्हेंबर
शेजारच्या जयतीर्थांना डेमो दिला. बस म्हणालो. उडी आता चष्म्यापर्यंत पोचते. जयतीर्थांचा फुटला, भरून द्यावा लागणार. जयतीर्थ म्हणाले, मास्तर, त्याचं काय चुकलं, धारवाडात बस म्हटलं की सगळेच धावतात.
विनोद सुमार होता.

१२ नोव्हेंबर
करिया जेवू लागलाय. म्हणजे शौर्यनं त्याच्या ताटलीत तोंड घातलं की गुरगुरतो आणि स्वतः सगळं फस्त करतो. मग शौर्य त्याच्या पोटाला टेकून झोपतो आणि करिया तसाच अवघडून पडून राहतो. हेमावती दोघांशीही कन्नडमध्ये बोलते. माझ्या अभ्यासक्रमात हा ढवळाढवळीचा प्रकार आहे, असं तिला स्पष्ट सांगितलं. तिनं तिसरी भाकरी वाढली. बस, बस म्हणालो. अर्धी खाली.

१५ नोव्हेंबर
उद्या सटवाजी येणार. बस म्हटलं की उडी, हेच चालू आहे. मी आवाज वाढवला तर उडीही वाढते.

हे पिल्लू जाऊ नये असं मला फार वाटतं. साधं वाक्य आहे, पण हेमावतीला म्हणून दाखवता आलं नाही. त्याऐवजी पोर्शन पूर्ण झाला नाही म्हणून मुदतवाढ मागितली. तिनं नाही म्हटलं.

१६ नोव्हेंबर, रविवार
सटवाजी पांढरं स्वच्छ धोतर नेसून आला. अंगणात सगळ्यांसमोर मी खणखणीत आवाजात बस म्हणालो. शौर्य थेट सटवाजीच्या छातीवर. सटवाजी खाली बसला. आज्ञा पाळली गेली, कोणी पाळली एवढाच प्रश्न.

मग हेमावती दारात आली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, सुम् कुंद्रू. गप बस, एवढाच त्याचा अर्थ. करिया बसला. त्याच्याकडे बघून शौर्य बसला. मी बराच वेळ उभा होतो, गुडघे दुखत होते, म्हणून मीही बसलो.

हेमावती म्हणाली, अहो, बस म्हटलं की भाकरी येते, असं तुम्हीच त्याला रोज टेबलाखाली शिकवलंत. पोरगं हुशार आहे, पक्कं शिकलं.

सटवाजी धोतर झटकून पिल्लू उचलायला वाकला. करिया उठला, मध्ये येऊन उभा राहिला आणि गुरगुरला. हेमावती त्याच्याकडे बघत राहिली. मग सटवाजीला म्हणाली, राहू दे, हे दोघं आता एका ताटलीतले झाले. मला इतकं बरं वाटलं की मी सटवाजीला धोतर घेऊन देईन म्हणालो.

एक नियम मात्र तिनं केला: या घरात यापुढे बस म्हणजे बस, दुसरा अर्थ नाही. मी लगेच मान्य केला. भाषाशुद्धीच्या दृष्टीनं योग्यच आहे.

दुपारी दोन भाकऱ्या झाल्या. ती तिसरी घेऊन आली. मी सवयीनं बस म्हणालो. ती थांबली. भाकरी परत टोपलीत ठेवली.

अखेर घरात कोणीतरी माझं मराठी ऐकलं. पुट्टा टेबलाखाली उड्या मारतोय. मला अजून भूक आहे.