रंपाइला आणायची बोट

३ फेब्रुवारी
बोट घेतली. सेकंडहँड, पण लाकूड अस्सल. चुआमकाकांची. त्यांचे गुडघे गेले म्हणून विकली. आता बायकोला, रंपाइला, तिच्या बहिणीच्या बेटावरून स्वतःच्या बोटीने घरी आणणार. सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला गेलो नाही म्हणून बाईसाहेब महिनाभर रुसून बसल्यात. त्या दिवशी मला ताप होता. म्हणजे, येईलसं वाटत होतं. तिचा निरोप आहे, फेरीबोटीने या. फेरीने काय, कोणीही जातं.

४ फेब्रुवारी
चुआमकाका म्हणाले, मास्तर, गुरुवारपर्यंत दम धरा. बोटीच्या टोकावर बसून बोट राखणाऱ्या यानांग देवीचा मी रीतसर निरोप घेतो, मग तुम्ही तुमच्या फिती बांधून तुमची देवी बसवा. गुरुवारपर्यंत कोण थांबतो! जुन्या फितींवरच नव्या बांधल्या. दोन देव्या, दुप्पट संरक्षण.

६ फेब्रुवारी, सकाळी ७
भरतीबरोबर निघणार होतो. बोट चिखलात. अठ्ठावीस वर्षं शाळेत भरती-ओहोटी शिकवली, पण तक्ता गेल्या वर्षीचा निघाला. त्यावर वर्ष फार बारीक छापलंय.
ढकलायला सहा माणसं लागतात. एकजण हात लावेल तर शपथ. मासळीवाली नुआनमावशी सगळ्यांदेखत म्हणाली, एका बोटीत दोन देव्या? अहो मास्तर, तुम्हाला घरातली एक बाई सांभाळता आली नाही!
अडाणी लोक. मी रागाने बोटीवर चढलो, तर पाय नेमका टोकावर, देवीच्या फितींशेजारी. मग सगळे घरीच गेले.

९ फेब्रुवारी
आंबट कढी करून पाहिली. आंबट झाली, कढी झाली नाही. घर फार गप्प आहे. तिची आठवण येते. सगळीकडे सांगायची गरज नाही.

११ फेब्रुवारी
रंपाइचा फोन. येताय का? म्हटलं, बोटीचं काम चाललंय. मग म्हणाली, फेरी रोज आहे. आणि ठेवला.
तिला धीर म्हणून नाहीच.

१४ फेब्रुवारी
चुआमकाका काठी टेकत आले. देवीची माफी मागितली, आपली देवी मानाने घरी नेली. भात, उदबत्त्या, मोगऱ्याचा हार. हार मी आणला होता, चांगला जाड. काका म्हणाले, असा हार बायकोला कधी आणलात? मी म्हटलं, तो विषय वेगळा.
माणसं आली. बोट पाण्यात!

१७ फेब्रुवारी, दुपारी
निघालो. इस्त्रीचा शर्ट. अर्ध्या वाटेत इंजिन बंद. तीन तास ऊन खाल्लं. भीती वाटली, खोटं कशाला लिहू. शेवटी फेरीनेच दोर टाकून बेटापर्यंत ओढत नेलं. प्रवाशांनी फोटो काढले.

१७ फेब्रुवारी, संध्याकाळी
धक्क्यावर रंपाइ उभी. तिने आधी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग इंजिनाला. सारोंग खोचून बोटीत उतरली, बाजूने, टोकाला पाय न लावता. डिझेलच्या गाळणीतला कचरा फुंकला आणि एका झटक्यात इंजिन सुरू. खाडीत दोन फेऱ्या मारून आली. एवढी हसताना मी तिला पाहिलेलं नाही.
विचारलं, हे कधी शिकलीस? म्हणाली, लग्नाआधी. कोळ्याची पोर आहे मी. एकतीस वर्षांत तुम्ही कधी विचारलंत?
तिने पोटभर जेवू घातलं. मला वाटलं, आता सामान बांधेल. तिने फेरीचं तिकीट हातात ठेवलं. एकच. म्हणाली, बोट इथेच राहू दे, मला उपयोगाची आहे. तू कधी येणार, असं विचारलं. म्हणाली, बघू.
शेवटच्या फेरीत बसून लिहितोय. ती खाडीत बोट फिरवतेय, मागे वळून पाहत नाहीये. डोळ्यांत वारा जातोय माझ्या.
पण बोट तिला आवडली. पारख शेवटी माझीच.