न चाखता आणलेलं फलाफल

मु. कुडपण, ता. पोलादपूर
रविवार

दासगावकर व्याही मुरारीराव यांस,

कुडपणहून कुशाबाचा रामराम. विहीणबाईंनाही सांगावा, आणि तुमचे थोरले बंधू सोमाभाऊ यांनाही. (लग्नात टोपी-टॉवेलाचा मान मिळाला नाही, हे ते अजून मनात धरून नसतील तर. मान दिला होता, हे मी आजही सांगतो.) तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? इकडे सगळे खुशाल. अक्षदाला सहावा महिना लागलाय, तब्येत उत्तम. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण फोनवर तुम्ही "लेकीला द्या" म्हणता आणि मी "घे गो" म्हणतो. दोन वर्षांत आपलं बोलणं त्यापुढे गेलेलं नाही, आणि तुम्ही लग्नानंतर कुडपणचा घाट चढलेला नाही. म्हणून कागद.

तर झालं असं. आमच्या साळूबाईने सुनेला डोहाळे विचारले. पोरगी म्हणाली, फलाफल. हे झाडाला लागतं की जमिनीत येतं, तेच वाडीत कोणाला ठाऊक नव्हतं. तुमच्या जावयाने, रितेशने, मोबाईलवर दाखवलं, तेव्हा कळलं की छोले भिजवून, वाटून तळलेले गोळे असतात. अरबांची भजी म्हणा. तो म्हणाला, घरीच करू. पण डोहाळा म्हणजे काय रोजचं कालवण आहे, की हे नाही तर ते वाढलं? डोहाळा राहिला की बाळाचा कान फुटतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. नातवंडाचा कान माझ्यामुळे फुटला हे मला कोणाकडूनच ऐकायचं नव्हतं, तुमच्याकडून तर मुळीच नाही. रितेशला महाडच्या कंपनीत सुट्टी नव्हती. म्हणून मीच स्टीलचा डबा घेऊन मुंबईला निघालो. निघताना साळूबाईने बजावलं, "तिच्या आधी तुमी चाखायचं नाय. उष्ट्यानं डोहाळा पुरा होत नाय."

आता तुम्हीच सांगा, एवढ्या मुंबईतलं सर्वांत चांगलं फलाफल न चाखता ओळखायचं कसं? बैल घेताना निदान दात बघता येतात. माझा पुतण्या शुभम कांदिवलीला असतो, त्याने मोबाईलमध्ये बघून चार दुकानं काढली. (त्याने चारही ठिकाणी पोटभर खाल्लं, पण शुभमला लहानपणापासून सगळंच चांगलं लागतं, त्याची साक्ष धरता येत नाही.) शेवटी मी ठरवलं, खाणाऱ्यांची तोंडं बघायची. पहिल्या दुकानात एका बाईंसमोर उभा राहून त्यांचा घास गिळून होईपर्यंत बघत राहिलो, तर त्यांनी मालकाला बोलावलं. मालकाने मला भुकेला समजून एक गोळा हातावर ठेवला. मी नको म्हणालो, सुनेच्या आधी खाता येत नाही म्हणालो. त्याने शुभमकडे बघितलं, शुभमने रस्त्याकडे. दुसऱ्या दुकानात गोळा आतून हिरवागार निघाला. मी सरळ भटारखान्यात शिरलो आणि छोले किती तास भिजवले ते विचारलं. तिथून आम्हाला लवकर निघावं लागलं. तिसऱ्या ठिकाणी लोक खाण्याआधी ताटलीचे फोटो काढत होते, म्हणजे गरम खायची घाई कोणालाच नव्हती. ते दुकान मी बाद केलं. चौथं दुकान म्हणजे एक टपरी. तिथे एक गृहस्थ उभ्याने खात होता. खिशात त्याचा फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला, आणि त्याने हातसुद्धा लावला नाही. मुंबईचा माणूस फोन उचलत नाही म्हणजे तोंडात काहीतरी खरं असणार. तिथूनच डबा भरून घेतला.

टपरीवाला म्हणाला होता, दहा मिनिटांत खा. एसटीला नऊ तास लागले. तिळाची पांढरी चटणी पनवेलच्या आधीच माझ्या पायजम्यावर आली, आणि शेजारचे गृहस्थ उठून मागे जाऊन बसले. गाडी दासगावलाही थांबली होती. रस्त्याला लागूनच तुमचं घर. विहीणबाई अंगणात जवळा वाळत घालत होत्या. मी काही उतरलो नाही, डबा सांभाळायचा होता.

घरी आल्यावर साळूबाईने गोळे तव्यावर गरम केले. अक्षदाने दोन खाल्ले आणि छान आहेत म्हणाली. एकूण काय, डोहाळा पुरा झाला, बाळाचा कान वाचला. कळावे, लोभ होता तसा व्हावा.

आपला,
कुशाबा

ता. क. वर डोहाळा पुरा झाला लिहिलंय, ते खरं नाही. तिसरा गोळा हातात घेऊन पोरगी रडायला लागली. साळूबाईने जवळ घेतलं तेव्हा म्हणाली, "मला आईच्या हातचे जवळ्याचे वडे खायचे होते. पण या घरात दासगावचं नाव काढलं की सगळे गप्प होतात. म्हणून म्हटलं, कोणाला आणताच येणार नाही असं काहीतरी सांगावं, म्हणजे विषय मिटेल. बाबा खरंच मुंबईला जातील हे मला काय माहीत?" मुरारीराव, मला फार वाईट वाटलं.

ता. क. दुसरा. दासगावला मी डबा सांभाळत नव्हतो. विहीणबाईंनी बघू नये म्हणून खिडकीशी टोपी नाकापर्यंत ओढून बसलो होतो.

ता. क. तिसरा, आणि हा सोमाभाऊंना वाचून दाखवावा. त्यांच्या मानाची टोपी आणि टॉवेल लग्नाच्या तिसऱ्याच दिवशी माझ्या ट्रंकेत सापडले, दुकानाच्या पिशवीत तसेच. तेव्हाच आणून द्यायला हवे होते. पण भर मांडवात मी "दिले, दिले" म्हणून ओरडलो होतो, मग सापडले म्हणून कोणत्या तोंडाने सांगू? चूक माझी. पिशवी घेऊन गुरुवारी सकाळच्या गाडीने येतो आहे. विहीणबाईंना वडे तळायला सांगा आणि तुम्ही दोघं माझ्याबरोबर कुडपणला चला, पोरीला ते तिच्या आईने भरवायचे आहेत. या वेळी खिडकीशी बसणार नाही, दाराशी बसेन.